मोठा ट्रॅव्हल ट्रेलर आणि पिकअप ट्रकच्या वजनमर्यादा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत किंवा कॅनडात राहणाऱ्या आणि तंबू सोडून ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, घेण्याचा विचार करणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हे प्रश्न एकत्र केले आहेत. वजनं पौंडांत दिली आहेत, कारण तिथले ट्रेलर आणि हिच (ट्रेलर ट्रकला जोडायचं साधन) सहसा पौंडांतच बोलतात. डोक्यात किलो असतील तर त्यांना २.२ ने गुणा. उदाहरणातला ट्रक आणि ट्रेलर मनाने घेतलेले आहेत, पण असे आकडे कुठल्याही डीलरच्या आवारात दिसतील.

डीलर म्हणतो, ट्रक ११,००० पौंड ओढतो. आमचा ट्रेलर जास्तीत जास्त ८,८०० पौंडांचा. मग अडचण काय?

ओढायला बहुधा काहीच अडचण नाही. आजकालची इंजिनं जोरदार आहेत. गाडं अडतं ते ट्रकने पाठीवर घ्यायच्या वजनापाशी, म्हणजे पेलोडपाशी.

ट्रेलर स्वतःच्या चाकांवर चालत असला तरी त्याचं पुढचं टोक ट्रकच्या मागच्या बॉलवर टेकलेलं असतं. तिथे जो भार खाली दाबतो तो टंग वेट. ट्रेलर सरळ रेषेत चालायला हवा असेल तर हा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. मोठ्या ट्रेलरसाठी १३ टक्के धरून हिशेब केला तर फारसा चुकत नाही.

आता समजा तुमचा हाफ-टन, म्हणजे १५० किंवा १५०० श्रेणीचा ट्रक आहे, चार दारांचा, फोर-व्हील-ड्राइव्ह. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पेलोड लिहिलाय १,४८० पौंड. ट्रेलर भरून ८,२०० पौंड झाला. त्याचे १३ टक्के म्हणजे १,०६६. हिचचा सांगाडा ९०. नवरा, बायको आणि दोन मुलं मिळून ४३५. मागच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या, मुलांच्या सायकली असं १०० पौंडांचं सामान. बेरीज १,६९१. ट्रक २११ पौंडांनी जास्त भरला, आणि ओढायच्या मर्यादेत मात्र अजून २,८०० पौंड शिल्लक दिसतायत. डीलर खोटं बोललेला नाही. त्याने तुम्हाला सर्वांत शेवटी संपणारी मर्यादा सांगितली. सर्वांत आधी संपते ती पेलोडची.

पेलोडचा तो स्टिकर नेमका कुठे असतो?

ड्रायव्हरचं दार उघडा. खांबावर पिवळ्या-पांढऱ्या रंगाचा टायरविषयक स्टिकर दिसेल. त्यावर माणसं आणि सामान मिळून किती वजनाच्या वर जाऊ नये, ते किलो आणि पौंड दोन्हींत छापलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या एका ट्रकचा असतो. कारखान्यातून लागून आलेलं सनरूफ, पायऱ्या, मोठी चाकं, गरम-थंड होणाऱ्या सीट्स हे सगळं त्यातून आधीच वजा झालेलं असतं. म्हणून एकाच नावाच्या दोन ट्रकांत पाचशे पौंडांचा फरक सहज निघतो, आणि कमी पेलोड जवळजवळ नेहमी महागड्या ट्रकचा असतो.

डीलरकडून किंवा नंतर तुम्ही बसवलेल्या गोष्टी, म्हणजे हौद्यावरचं झाकण, रबरी अस्तर, अवजारांची पेटी, त्या आकड्यातून तुम्ही स्वतः वजा करायच्या. टाकीतलं इंधन मात्र धरायचं नाही, ते आधीच धरलेलं असतं.

जीव्हीडब्ल्यूआर, जीएडब्ल्यूआर, जीसीडब्ल्यूआर ही काय भानगड आहे?

जीव्हीडब्ल्यूआर म्हणजे सगळं भरून एकट्या ट्रकचं जास्तीत जास्त वजन. त्यात माणसं, सामान आणि ट्रेलरचा टंग वेट सगळं येतं. जीएडब्ल्यूआर म्हणजे एकेका ॲक्सलची मर्यादा, पुढची वेगळी, मागची वेगळी. हे दोन्ही आकडे दाराच्या खांबावरच्या दुसऱ्या स्टिकरवर मिळतात. जीसीडब्ल्यूआर म्हणजे ट्रक आणि ट्रेलर मिळून जास्तीत जास्त वजन. तो दारावर सहसा नसतो, मालकाच्या पुस्तिकेत किंवा कंपनीच्या टोइंग गाइडमध्ये शोधावा लागतो, आणि मागच्या ॲक्सलच्या गिअर रेशोप्रमाणे बदलतो.

ट्रेलरलाही स्वतःचा जीव्हीडब्ल्यूआर असतो, त्याच्या डाव्या बाजूला पुढच्या भागात लावलेल्या पट्टीवर.

या सगळ्या मर्यादा एकाच वेळी पाळायच्या असतात. चार पाळल्या आणि पाचवी मोडली तर गाडी जास्तच भरलेली.

मग ११,००० हा आकडा येतो तरी कुठून?

एसएई या अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ नावाच्या मानकातून. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने आकडा ठरवायची आणि जाहिरातीत दरवर्षी शे-दोनशे पौंड वाढायचे. टोयोटाने २०११ च्या मॉडेलपासून हे मानक स्वीकारलं, फोर्ड, जनरल मोटर्स आणि रॅम यांनी बऱ्याच कुरबुरींनंतर २०१५ च्या सुमारास.

चाचणी कडक आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमपासून वर जाणारा ११ मैलांहून लांब चढ, बाहेर किमान १०० अंश फॅरनहाइट, एसी पूर्ण जोरात, आणि तरीही मागे दोन्ही बाजूंना एकेकच चाक असलेल्या ट्रकचा वेग ताशी ४० मैलांच्या खाली जाता कामा नये. याशिवाय ब्रेक, वळण, चढावर गाडी उचलणं अशाही कसोट्या आहेत.

पण त्यात ट्रकमध्ये बसतं कोण? प्रत्येकी १५० पौंडांची दोन माणसं, आणि सोबत ७० पौंडांपर्यंत हिचचं सामान. मुलं नाहीत, कुत्रा नाही, कूलर नाही, हौद्यात काही नाही. टंग वेट फक्त १० टक्के. आता आपल्या ट्रकचं गणित करून बघा : ११,००० चे १० टक्के १,१००, दोन माणसांचे ३००, हिचचे ७०. झाले १,४७०. स्टिकरवरचा पेलोड १,४८०. म्हणजे तो आकडा पेलोड शेवटच्या थेंबापर्यंत पिळून काढलेला आहे. त्यात तुमच्या दोन मुलांना जागाच नाही.

ब्रोशरमध्ये ट्रेलरचं 'ड्राय वेट' ६,८०० दिलंय. तेच धरू का?

नको. त्या वजनाचा ट्रेलर रस्त्यावर कधी दिसत नाही. ड्राय वेटमध्ये पाणी नसतं, गॅस बहुधा नसतो, बॅटरी अनेकदा नसते, आणि कधी कधी बाहेर उघडणाऱ्या कापडी छपरासारखे 'ऑप्शन'सुद्धा नसतात. ३० पौंडी गॅसचे दोन सिलिंडर भरले की शंभराच्या वर गेलात. बॅटरी एकेक पन्नास-साठ पौंडांची. पाणी दर गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ४० गॅलनची टाकी भरून निघालात तर ३३० च्या वर.

त्यात आपलं स्वयंपाकघर. अमेरिकन कुटुंब दोन पॅन आणि हॉट डॉग घेऊन निघत असेल, आपल्याकडे कुकर, कढई, पोळपाट, तवा, वीस पौंडांची आट्याची पिशवी, तांदूळ, डाळी आणि चकलीचे डबे निघतात. चादरी-ब्लँकेटं, टॉवेल, पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप, ठोकळे, जॅक मोजा. एका कुटुंबाचं सामान हजार पौंडांच्या आसपास जाणं अगदी सामान्य आहे.

घेण्याआधी हिशेब करताना सर्वांत सुरक्षित म्हणजे ट्रेलरचा जीव्हीडब्ल्यूआरच धरावा. तेवढं सावध व्हायचं नसेल तर ड्राय वेटमध्ये १,२०० ते १,५०० मिळवा. ब्रोशरमधला 'हिच वेट'ही रिकाम्या ट्रेलरचाच असतो. सिलिंडर आणि बॅटऱ्या तर बरोबर त्या पुढच्या टोकावरच बसतात, आणि बहुतेक ट्रेलरची मोठी सामानाची जागाही पुढेच असते. त्यामुळे खरा आकडा ब्रोशरपेक्षा दोनशे-तीनशेंनी जास्त निघाला तर दचकू नका.

टंग वेट जास्त होतोय तर जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला टाकलं तर?

हे करू नका. या पानावरचं एवढं एक उत्तर वाचलंत तरी चालेल.

टंग वेट १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. सुरुवात किरकोळ होते : शेजारून मोठा ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, उतारावर वेग वाढला. मग प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि तीस फुटांचा ट्रेलर ट्रकच्या मागच्या चाकांना आडवं खेचायला लागतो. अशा वेळी ट्रकचा ब्रेक दाबू नये, वेग वाढवून 'सरळ करायचा' प्रयत्नही करू नये. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग घट्ट आणि सरळ धरायचं, आणि ब्रेक कंट्रोलरवरची हाताची कळ दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ती कळ कुठे आहे हे ट्रेलर जोडल्या दिवशीच हाताला माहीत करून ठेवा.

मागच्या बंपरवर चार सायकलींचा रॅक लावणं हाही त्याच प्रकारातला उद्योग आहे. शंभर-दीडशे पौंड अगदी शेवटच्या टोकाला लटकले की टंग वेट बघता बघता उतरतो. शिवाय अनेक ट्रेलरचे मागचे बंपर स्पेअर चाकापलीकडे काही सोसायला बनवलेलेच नसतात.

वेट डिस्ट्रिब्युशन हिच लावला की पेलोडचा प्रश्न सुटतो ना?

सुटत नाही, थोडा हलका होतो. टंग वेट मागच्या ॲक्सलच्याही मागे पडतो, त्यामुळे सी-सॉसारखं होऊन ट्रकचं नाक वर उठतं आणि पुढच्या चाकांवरचा भार घटतो. स्टिअरिंग हलकं होतं, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते. या हिचचे लांब पोलादी दांडे तो भार परत पुढच्या ॲक्सलकडे ढकलतात आणि थोडा ट्रेलरच्या ॲक्सलकडेही. मोठ्या ट्रॅव्हल ट्रेलरला असा हिच हवाच. बऱ्याच हाफ-टन ट्रकांच्या पुस्तिकेत एका वजनानंतर तो सक्तीचाच सांगितलेला असतो, आणि पुढचा ॲक्सल किती परत दाबायचा तेही दिलेलं असतं.

पण ट्रकची मर्यादा तेवढीच राहते. ट्रेलरच्या ॲक्सलकडे गेलेले शे-दोनशे पौंड एवढीच खरी सवलत, आणि त्यातले नव्वदेक हिचच्या स्वतःच्या वजनात जातात.

मागच्या स्प्रिंगला आधार देणारी हवेची एअरबॅग किंवा जादा पाट्याची स्प्रिंग बसवली तर?

ट्रक सपाट दिसेल. स्टिकरवरचा आकडा तोच राहील. ब्रेक, ॲक्सल, चौकट आणि चाकं जुनीच आहेत.

रिसीव्हरचीही मर्यादा असते का?

असते, आणि ती बघायला फार कमी लोक वाकतात. ट्रकच्या मागे चौकोनी भोक असलेल्या त्या नळीवर स्टिकर असतो. त्यावर दोन ओळी : साध्या बॉलवर किती ट्रेलर आणि किती टंग वेट, आणि वेट डिस्ट्रिब्युशन हिचसह किती. काही ट्रकांत साध्या बॉलचा आकडा ५,००० आणि ५०० असतो. आपल्या उदाहरणातला ट्रेलर त्याच्या दुप्पट भार टाकतो. बॉल आणि बॉल ज्यावर बसतो तो दांडा यांवरही आकडे कोरलेले असतात. साखळीतली सर्वांत कमजोर कडी कुठली ते बघा.

खरं वजन कुठे आणि कसं करायचं?

हायवेवरच्या मोठ्या ट्रक स्टॉपवर कॅट स्केल नावाचे वजनकाटे असतात. मालवाहू ट्रकवाल्यांसाठीच असले तरी कोणीही वापरू शकतं, खर्च फार नाही, आणि फोनवरच्या ॲपने पैसे भरता येतात. काट्याचे वेगवेगळे पट्टे असतात : पुढचा ॲक्सल एकावर, मागचा दुसऱ्यावर, ट्रेलर तिसऱ्यावर. सहलीला निघताना करता तसा सगळा संसार भरून, सगळ्यांना गाडीत बसवून जा. तीन वेळा वजन करायचं.

पहिल्यांदा सगळं जोडून, दांडे लावून. दुसऱ्यांदा जोडलेलंच, पण दांडे सोडून. तिसऱ्यांदा ट्रेलर बाजूला उभा करून, हिच काढून, नुसता ट्रक. आपल्या उदाहरणात पावत्या अशा येतील :

नुसता ट्रक : पुढे ३,३४०, मागे २,७६०. एकूण ६,१००.
दांड्यांशिवाय : पुढे २,८६०, मागे ४,४००, ट्रेलर ७,१४०.
दांड्यांसह : पुढे ३,१६०, मागे ३,९२०, ट्रेलर ७,३२०.

दुसऱ्या पावतीत ट्रक ७,२६० झाला, म्हणजे १,१६० वाढले. त्यातले ९० हिचचे, उरलेले १,०७० खरा टंग वेट. ट्रेलरचं पूर्ण वजन ७,१४० अधिक १,०७०, म्हणजे ८,२१०. टंग वेट १३ टक्के, छान. पुढच्या ॲक्सलने ४८० पौंड गमावले होते, दांड्यांनी त्यातले ३०० परत दिले. दांड्यांसहच्या पावतीत ट्रक ७,०८०. या ट्रकचा जीव्हीडब्ल्यूआर ७,०५० असेल तर चांगला हिच, नीट जुळवलेले दांडे आणि बरोबर टंग वेट असूनही तो ३० पौंडांनी वरच आहे. असा ट्रक सपाट उभा असतो आणि मालकाला काही कळतही नाही.

उन्हाळ्यात आई-बाबा भारतातून येणार आहेत. त्यांनाही न्यायचंय.

मग हिशेब त्यांना धरूनच करा, कारण ट्रेलर घ्यायचं निम्मं कारण तेच असतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तंबूत झोपवता येत नाही, आणि ट्रेलरमध्ये स्वतःचं संडास-बाथरूम असतं. दोघांचे २९० पौंड धरले तर आपला हाफ-टन ट्रक कागदावर ५०० पौंडांनी वर जातो. सहा माणसं पट्टे लावून बसवायला पुढे मधली सीट असलेलं मॉडेलही लागतं.

एक सोपा उपाय पुष्कळ कुटुंबं करतात : आजी-आजोबा आणि एक मोठं माणूस दुसऱ्या गाडीने मागून येतात. पेट्रोल जास्त लागतं, पण ट्रकचे चारशेहून जास्त पौंड वाचतात आणि पोचल्यावर दूध आणायला ट्रेलर सोडून ट्रक काढावा लागत नाही. ट्रेलरमध्ये माणसं बसवून नेणं मात्र मनातही आणू नका. अनेक राज्यांत ते बेकायदा आहे आणि सगळीकडे धोक्याचं.

उलट हिशेब कसा करायचा? म्हणजे आमच्या ट्रकला केवढा ट्रेलर झेपेल?

पेलोडमधून माणसं, हौद्यातलं सामान आणि हिच वजा करा. उरलेल्याला ०.१३ ने भागा. आपल्या ट्रकसाठी १,४८० वजा ४३५ वजा १०० वजा ९०, उरले ८५५. भागाकार साधारण ६,५७५ पौंड, भरलेला ट्रेलर. म्हणजे बाजारात ५,२०० च्या आसपास ड्राय वेटचे बघा. आजी-आजोबांसह हाच आकडा साडेचार हजारांच्याही खाली येतो. निराश करणारं आहे, पण ट्रेलर घेऊन झाल्यावर कळण्यापेक्षा बरं.

मग सरळ २५०० चा ट्रक घेऊ? डिझेल?

तीस फुटांचा ट्रेलर आणि चार-पाच माणसं असतील तर माझं मत होय, पाऊण-टन म्हणजे २५० किंवा २५०० श्रेणीचाच घ्या. पण डिझेलकडे धावण्याआधी स्टिकर बघा. या श्रेणीतल्या बऱ्याच ट्रकांचा जीव्हीडब्ल्यूआर १०,००० पौंडांवर बांधलेला असतो, कारण त्याच्या वर गाडी पुढच्या वर्गात जाते आणि काही राज्यांत नोंदणीचे नियम आणि खर्च बदलतात. डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा शेकडो पौंडांनी जड. वरची रेघ तीच, खालचं वजन वाढलं, मधला पेलोड आकसला. म्हणून सगळ्या सोयींनी भरलेल्या डिझेल २५०० वर दोन हजारांच्या आसपासचा पेलोड दिसतो, आणि त्याच्या शेजारी उभ्या साध्या पेट्रोल ट्रकवर तीन हजारांच्या वर.

डिझेलचा खरा फायदा घाटात आहे. टर्बो नसलेलं पेट्रोल इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. कोलोराडोत आय-७० महामार्गावरच्या आयझेनहॉवर बोगद्यापाशी तुम्ही ११,००० फुटांवर असता, म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद खाली राहिलेली असते. आणि पलीकडचा सात टक्क्यांपर्यंतचा उतार चढापेक्षा महत्त्वाचा. तिथे डिझेलचा एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनाच्याच जोराने वेग रोखणारा) सोन्यासारखा. पेट्रोल ट्रक असेल तर टो-हॉल मोड (ओझं ओढतानाची गिअरची सेटिंग) लावा, उतार सुरू व्हायच्या आधीच गिअर खाली आणा, आणि ब्रेकवर पाय ठेवून राहू नका. तापलेले ब्रेक ऐन वेळी हात वर करतात.

फिफ्थ-व्हील ट्रेलर (जो ट्रकच्या हौद्यात पिनने जोडतात) घेणार असाल तर त्या पिनवरचा भार १५ ते २५ टक्के असतो. तिथे बहुतेकदा ३५०० श्रेणीचा ट्रक लागतो.

टायरचं काय बघायचं?

ट्रेलरच्या टायरवर एसटी (स्पेशल ट्रेलर) ही अक्षरं, भारक्षमता आणि वेगमर्यादा बघा. अनेक टायर ताशी ६५ मैलांसाठीच बनवलेले असतात. बाजूला कोरलेल्या शेवटच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसली तरी जुना टायर उन्हात फुटतो.

साध्या लायसन्सवर चालतं का?

बहुतेक राज्यांत या वजनापर्यंत चालतं. कॅलिफोर्नियात १०,००० पौंडांहून जास्त जीव्हीडब्ल्यूआरच्या ट्रॅव्हल ट्रेलरला बिगरव्यावसायिक क्लास ए लागतं, आणि ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल, बाकी गाड्या ७० ने जात असल्या तरी. ब्रिटिश कोलंबियात ४,६०० किलोंच्या वरच्या ट्रेलरसाठी लायसन्सवर वेगळी नोंद लागते. ट्रेलरचे स्वतःचे ब्रेक अनेक राज्यांत ३,००० पौंडांच्या पुढे सक्तीचे आहेत, कॅलिफोर्नियात १,५०० पासूनच.

ट्रक अजून घेतलेला नाही. डीलरकडे गेल्यावर पहिलं काय करू?

विक्रेता किमतीवर येण्याआधी दार उघडा आणि पिवळ्या स्टिकरचा फोटो काढा, मग मागे वाकून रिसीव्हरच्या स्टिकरचा. तुम्ही घेणार त्याच ट्रकचा, शेजारच्या 'अगदी तसाच' ट्रकचा नव्हे. फोनवर चौकशी करत असाल तर तोच फोटो मागवा. "अहो, हा सगळं ओढतो" एवढंच उत्तर आलं आणि फोटो आला नाही, तर दुसऱ्या डीलरला फोन लावा.